ग्रहण, राईची उशी आणि चुकलेली तारीख: बाळाच्या चेहऱ्यातल्या जन्मजात दोषांबद्दल आपण नेमकं कुठं चुकतो?

ग्रहण जाहीर झालं की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास येतो. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणालाही तो आला, पुढच्या ग्रहणालाही येईल. गरोदर बाईनं वेध पाळावेत, भाजी चिरू नये, सुई-दोरा हातात धरू नये, बाहेर पडू नये. नाहीतर बाळ फाटक्या ओठाचं जन्मतं.

काही जण हा मेसेज वाचून हसतात, काही जण गुपचूप पाळतात आणि 'पाळायला काय जातंय' म्हणून पुढे पाठवणारेही असतात. एक दिवस भाजी चिरली नाही तर खरंच काही जात नाही. नुकसान होतं ते नंतर. एखाद्या घरात असं बाळ जन्माला येतं तेव्हा पहिला प्रश्न 'चांगला डॉक्टर कुठं आहे' हा असायला हवा. बऱ्याच घरांत तो 'हिनं ग्रहणात काय केलं होतं' असा असतो. आई गुन्हेगार ठरते, बाळ आतल्या खोलीत ठेवलं जातं आणि उपचाराचे महिने निघून जातात.

कवटी आणि चेहऱ्याच्या बहुतेक जन्मजात दोषांवर आज भारतात उपचार होतात, त्यातले बरेचसे मोफतही होतात. पण या उपचारांना वेळापत्रक असतं. ते पाळलं तर मूल नीट जेवतं, बोलतं, ऐकतं. चुकलं तर तोच सर्जन, तीच शस्त्रक्रिया, पण निकाल वेगळा. म्हणूनच हा विषय दिसण्याचा कमी आणि वेळेचा जास्त आहे.

मराठीत शब्द एक, टाळू दोन

मराठीत 'टाळू' हा शब्द आपण दोन जागांसाठी वापरतो. तान्ह्या बाळाच्या डोक्यावरची मऊ जागा, जिथं आजी तेल थापते, ती टाळू. आणि तोंडात वरच्या बाजूला जिथं जीभ लागते, तीही टाळूच.

चेहरा आणि कवटीच्या जन्मजात दोषांचे दोन मोठे गट या दोन टाळूंच्या मदतीनं चटकन समजतात.

तोंडातली टाळू आणि वरचा ओठ आईच्या पोटातच दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये जुळतात. ही जोडणी राहून गेली की ओठ किंवा टाळू दुभंगलेली राहते. कधी फक्त ओठ, कधी फक्त टाळू, कधी दोन्ही.

डोक्यावर नेमकं उलटं असतं. तिथं कवटीची हाडं एकमेकांपासून थोडी सुटी राहायला हवीत, कारण आतला मेंदू झपाट्यानं वाढत असतो. हाडांमधल्या या सांध्यांना आपण कवटीच्या शिवणी म्हणू. एखादी शिवण वेळेआधीच पक्की झाली, तर त्याला डॉक्टर क्रॅनिओसिनोस्टोसिस म्हणतात.

थोडक्यात, एका दोषात जोडणी राहून जाते, दुसऱ्यात ती घाईनं होते.

यांशिवायही प्रकार आहेत. खालचा जबडा फार लहान असल्यानं जीभ मागं पडून श्वास अडतो, ते पिअर रॉबिन. बाहेरचा कान नीट न बनणं म्हणजे मायक्रोशिया. गालाची हाडं आणि जबडा अपुरा वाढणं म्हणजे ट्रेचर कॉलिन्स सिंड्रोम. यातल्या शेवटच्या प्रकारात मुलाची बुद्धी सहसा अगदी नेहमीसारखी असते. लोक मात्र चेहरा बघून बुद्धीचा अंदाज बांधतात.

किती मुलांना होतं हे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार दर १००० ते १५०० जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. काही भारतीय अभ्यासांत हे प्रमाण ७०० ते ८०० जन्मांमागे एक इतकं दिसतं. भारतात वर्षाला सव्वादोन कोटींच्या आसपास बाळं जन्मतात. म्हणजे कमीत कमी धरलं तरी दरवर्षी पंधरा हजार आणि वरचा आकडा धरला तर तीस हजारांच्या घरात अशी बाळं आपल्या देशात जन्मतात. कवटीच्या शिवणी लवकर जुळण्याचं प्रमाण साधारण २००० ते २५०० जन्मांमागे एक आहे.

दुर्मीळ वाटतं, पण तसं नाही. तालुक्याच्या गावी बरीच वर्षं बाळंतपणं करणाऱ्या कोणत्याही नर्सला विचारा, तिनं असं बाळ पाहिलेलं असेल.

ग्रहणाचा हिशेब मांडून बघू

आता त्या मेसेजकडे येऊ. तो खोटा आहे हे फक्त 'विज्ञान सांगतं' म्हणून मान्य करू नका. साधा हिशेब करा.

सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येण्याचा मोसम साधारण दर सहा महिन्यांनी येतो आणि प्रत्येक मोसमात पृथ्वीवर कुठंतरी किमान एक सूर्यग्रहण होतंच. गरोदरपण असतं नऊ महिन्यांचं. म्हणजे जगात जन्मलेल्या प्रत्येक माणसाची आई गरोदर असताना किमान एक ग्रहण होऊन गेलेलं असतं. तुमच्या आईच्या वेळी, माझ्या आईच्या वेळी, सगळ्यांच्याच. ती सगळी ग्रहणं आपल्याकडे दिसली नसतील, पण 'त्या महिन्यांत ग्रहण होतं का' असं शोधायला बसलं की ते सापडणारच. दोष दिसल्यावर मागं जाऊन कारण शोधलं की असंच होतं.

दुसरी गोष्ट त्याहून पक्की आहे. गर्भ राहिल्यापासून चौथ्या आठवड्यात चेहऱ्याचे उंचवटे तयार व्हायला लागतात. वरचा ओठ सातव्या आठवड्याच्या आसपास जुळून पूर्ण होतो. टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत जुळते. म्हणजे पाळी चुकल्यानंतर साधारण महिना-सव्वा महिन्यात ओठाचा निकाल लागलेला असतो. तेव्हा कित्येक जणींना दिवस गेलेत याची नुकती कुठं खात्री झालेली असते. सातव्या महिन्यात ग्रहण आलं म्हणून सूनबाईला खोलीत बसवून ठेवतात, तेव्हा पोटातल्या बाळाचा ओठ जुळून चार-पाच महिने झालेले असतात. जुळलेला ओठ पुन्हा उसवत नाही.

आणि ही समजूत फक्त आपली नाही. मेक्सिकोत अझ्टेक लोक चंद्रग्रहण म्हणजे चंद्राचा कुणीतरी तोडलेला लचका समजत. गरोदर बाईनं ते पाहिलं तर बाळाच्या तोंडाचा लचका जाईल, म्हणून ती पोटाशी काळ्या काचेसारख्या दगडाचा सुरा बांधत असे. आजही तिकडे काही बायका कपड्यांना आतून सेफ्टी पिन लावतात. आपल्याकडे सुई हातात घ्यायची नाही, तिकडे पिन लावायचीच. दोन्हीकडे मुलं मात्र दुभंगलेल्या ओठाची जन्मत राहिली.

मग खरं कारण काय?

बहुतेक वेळा एकच एक कारण सापडत नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा आणि त्यात भोवतालची परिस्थिती, असं मिश्रण असतं. काही गोष्टींनी धोका वाढतो हे ठाऊक आहे: गरोदरपणात धूम्रपान आणि दारू, ताब्यात नसलेला मधुमेह, अपस्मार म्हणजे फिट्सवरची काही औषधं आणि मुरुमांसाठी घेतलं जाणारं आयसोट्रेटिनॉइन. म्हणून फिट्सची गोळी सुरू असलेल्या बाईनं मूल हवं असेल तर दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवं. मनानं गोळी बंद करणं मात्र धोक्याचं आहे.

फॉलिक ॲसिडची गोळी गर्भ राहण्याआधीपासून घेतली तर मेंदू आणि पाठीच्या कण्याचे गंभीर दोष नक्की कमी होतात. ओठ-टाळूच्या बाबतीत पुरावा तितका ठाम नाही, पण गोळी घ्यायला तेवढं एक कारण पुरेसं आहे.

आई-वडिलांना काहीच दोष नसताना एक बाळ असं जन्मलं, तर पुढच्या बाळाला तसं होण्याची शक्यता शंभरात साधारण तीन ते पाच असते. म्हणजे पंच्याण्णवहून अधिक वेळा पुढचं बाळ तसं नसतं.

कवटीच्या काही प्रकारांत कारण अगदी नेमकं माहीत आहे. अपर्ट सिंड्रोममध्ये कवटीच्या शिवणी लवकर जुळतात आणि हाता-पायाची बोटंही चिकटलेली असतात. यामागं एफजीएफआर२ नावाच्या जनुकातला बदल असतो. बहुतेक वेळा तो आई-वडिलांपैकी कुणातच नसतो, नव्यानं झालेला असतो. आणि संशोधकांनी तो कुठून आला हे तपासलं तेव्हा तो वडिलांच्या शुक्रपेशींत झालेला आढळला. यात वडिलांचीही चूक नाही, पेशींची नक्कल होताना अशा चुका होतात. फक्त 'हिनं काय केलं होतं' असं विचारणाऱ्या घरांनी एवढं लक्षात ठेवावं.

ओठ आणि टाळूचं वेळापत्रक

जन्मल्यावर पहिली अडचण दुधाची. भोक पडलेल्या स्ट्रॉनं शहाळं पिऊन बघा, पाणी वर येत नाही. टाळू दुभंगलेल्या बाळाचं तसंच होतं. तोंडात ओढ तयार होत नाही, बाळ दमतं, दूध नाकातून येतं आणि वजन वाढत नाही. घरच्यांना वाटतं बाळ पीतच नाही.

यावरचा उपाय आपल्या माजघरात होताच, बोंडलं. आईचं दूध काढून बोंडल्यानं किंवा वाटी-चमच्यानं, बाळाला उभट धरून, थोडं थोडं पाजायचं आणि मधूनमधून ढेकर काढायचा. फक्त ओठच दुभंगलेला असेल तर बरीच बाळं अंगावरही पितात. हे पहिल्याच आठवड्यात कुणी शिकवलं तर पुढचं सगळं सोपं होतं. कारण शस्त्रक्रियेसाठी वजन लागतं. सर्जन लोकांचा एक जुना ठोकताळा आहे: दहा आठवडे वय, दहा पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो वजन आणि दहा ग्रॅम हिमोग्लोबिन. आपल्याकडे अनेक बाळांची तारीख इथंच हुकते. डॉक्टर असतात, पैसे लागणार नसतात, पण बाळ अशक्त असतं.

पुढचे टप्पे साधारण असे असतात.

तीन ते सहा महिने: ओठाची शस्त्रक्रिया.

नऊ ते अठरा महिने: टाळूची शस्त्रक्रिया. ही का लवकर? कारण याच काळात मूल बोलायला शिकतं. 'प', 'ब', 'क', 'ग' म्हणायला तोंडात हवा कोंडावी लागते. टाळू उघडी असेल तर हवा नाकातून निसटते आणि मूल गेंगाणं बोलायला लागतं. चार-पाच वर्षं तशी सवय लागली की नंतर टाळू शिवली तरी बोलणं आपोआप सुधारत नाही.

पहिल्या वर्षापासूनच: कानाची तपासणी. टाळूचे स्नायू कानाकडे जाणारी नळी उघडायचं काम करतात. ते नीट नसले तर कानाच्या पडद्यामागं पाणी साठतं आणि मुलाला कमी ऐकू येतं. शाळेत 'लक्ष देत नाही' म्हणून ओरडा खाणाऱ्या मुलाला कधी कधी ऐकूच येत नसतं.

दोन-तीन वर्षांपासून: स्पीच थेरपी.

आठ ते अकरा वर्षे: हिरडीतल्या फटीत कमरेचं थोडं हाड बसवतात, म्हणजे येणाऱ्या सुळ्याला जागा मिळते. सोबत दातांना तारा.

सोळा-अठरा वर्षांनंतर: गरज असेल तर जबड्याची आणि नाकाची शस्त्रक्रिया.

हे सगळं पाहिलं की कळतं, 'ऑपरेशन झालं, सुटलो' असं इथं नसतं. ओठ शिवून झाला की बाळ फोटोत छान दिसतं आणि घरचे दवाखान्यात यायचं थांबवतात. टाळू मागे राहते. बाहेरून दिसत नाही ना!

ऑस्कर मिळालेल्या गोष्टीत काय राहून गेलं?

२००९ मध्ये 'स्माइल पिंकी' या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूर जिल्ह्यातली पिंकी सोनकर ही दुभंगलेल्या ओठाची मुलगी, वाराणसीतले डॉ. सुबोधकुमार सिंह आणि मोफत झालेली शस्त्रक्रिया अशी ती गोष्ट. मेगन मायलन या दिग्दर्शिकेनं ती मांडली. पुढे २०१३ च्या विम्बल्डन पुरुष अंतिम सामन्याची नाणेफेकही पिंकीच्या हस्ते झाली.

गोष्ट सुंदर आहे, पण आपण ती 'एका ऑपरेशननं आयुष्य बदललं' अशी लक्षात ठेवली. खरा प्रश्न वेगळा होता. जी शस्त्रक्रिया सहा महिन्यांच्या आत व्हायला हवी, ती होईपर्यंत पिंकी पाच वर्षांची झाली होती. तोवर तिचं शाळेत जाणं थांबलं होतं आणि बाकीची मुलं तिला खेळायला घेत नव्हती. सर्जन वाराणसीत होते. मधली पाच वर्षं गेली ती 'यावर इलाज असतो' ही बातमी गावात पोहोचायला.

राईच्या उशीनं शिवण उघडत नाही

आता डोक्यावरच्या टाळूकडे. जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो, वर्षभरात तो ४५-४६ होतो. पहिल्या वर्षात मेंदूचा आकार जवळपास दुप्पट होतो. कवटीची एक शिवण आधीच पक्की झाली तर मेंदू जिकडे वाट मिळेल तिकडे वाढतो आणि डोक्याचा आकार बदलतो. मधली उभी शिवण जुळली तर डोकं नावेसारखं लांबट होतं. हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. कपाळाची शिवण जुळली तर कपाळ त्रिकोणी दिसतं. एका बाजूची आडवी शिवण जुळली तर कपाळ एकीकडे चपटं आणि त्या बाजूचा डोळा वर ओढल्यासारखा दिसतो. एकापेक्षा जास्त शिवणी जुळल्या असतील तर मेंदूवर दाब वाढून नजर आणि बुद्धीच्या वाढीलाही धोका असतो.

आपल्याकडे बाळाचं डोकं वाकडं दिसलं की ठरलेले दोन उपाय असतात. अंघोळ घालणाऱ्या बाईला 'जरा डोकं गोल कर' म्हणून सांगायचं आणि राईची उशी शिवायची. यामागचं निरीक्षण अगदीच चुकीचं नाही. बाळ सतत एकाच कुशीवर झोपलं तर डोकं तिथं चपटं होतं. हे फार कॉमन आहे, निरुपद्रवी आहे आणि बाळ मान धरून बसायला लागलं की बहुतेक वेळा सुधारतं. जागेपणी आपल्यासमोर थोडा वेळ पालथं घालणं, कूस बदलत राहणं एवढं पुरतं. उशी मात्र तान्ह्या बाळाला झोपताना देऊच नये, गुदमरण्याचा धोका असतो.

पण शिवण खरंच जुळलेली असेल तर चोळून किंवा उशीनं ती उघडणार नाही. उलट 'होईल गोल' म्हणत सहा-आठ महिने जातात आणि तेच महिने महत्त्वाचे असतात. तीन-चार महिन्यांच्या आत निदान झालं तर काही प्रकारांत दुर्बिणीतून, लहान छेदातून शस्त्रक्रिया करता येते आणि नंतर काही महिने बाळाला खास हेल्मेट घालतात. उशीर झाला तर कवटी मोठ्या छेदानं उघडून हाडांची मांडणी बदलावी लागते. तीही साधारण वर्षाच्या आत झालेली बरी, कारण तोवर हाड मऊ असतं आणि राहिलेल्या फटी आपोआप भरतात. या मोठ्या शस्त्रक्रियेत रक्त द्यावं लागण्याची शक्यताही जास्त.

मग ओळखायचं कसं? डोक्याचा आकार जन्मापासूनच वेगळा असेल आणि कमी न होता वाढत असेल, शिवणीच्या रेषेवर हाताला कडक उंचवटा लागत असेल, दोन डोळे समपातळीत दिसत नसतील किंवा डोक्याचा घेर वाढायचा थांबला असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. टाळू थोडी लवकर भरली एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. ती सहसा नऊ ते अठरा महिन्यांत भरते, काहींची आधीही भरते. घेर नीट वाढतोय ना, हे महत्त्वाचं. त्यासाठी लागते एक मोजपट्टी.

एकट्या सर्जनचं काम नव्हेच

चेहरा आणि कवटी यांची एकत्र शस्त्रक्रिया ही फार जुनी गोष्ट नाही. फ्रान्सचे पॉल टेसिए यांना तिचे जनक मानतात. डोळ्यांच्या खोबणी एकमेकांपासून फार लांब असलेल्या रुग्णांत, कवटी आतून उघडून त्या जवळ आणता येतात हे त्यांनी १९६७ मध्ये रोमच्या परिषदेत दाखवलं, तेव्हा जमलेले सर्जन चकित झाले. पण हे त्यांनी एकट्यानं केलं नव्हतं. मेंदूचे सर्जन जेरार ग्विओ त्यांच्यासोबत होते. तेव्हापासून या शाखेचा नियम ठरला: प्लास्टिक सर्जन, न्यूरोसर्जन, भूलतज्ज्ञ, कान-नाक-घसा आणि डोळ्यांचे डॉक्टर, दंतवैद्य, स्पीच थेरपिस्ट, सगळे एका टेबलाभोवती.

भारतात अशी काम करणारी केंद्रं आहेत. केरळमध्ये थ्रिसूरच्या ज्युबिली मिशन रुग्णालयातलं चार्ल्स पिंटो केंद्र त्यातलं जुनं आणि नावाजलेलं. तिथं डॉ. हिरजी अदनवाला यांनी कित्येक दशकं दुभंगलेल्या ओठांची मुलं बरी केली. पण अशी पूर्ण टीम मुख्यतः मोठ्या शहरांत सापडते. जिल्ह्याच्या ठिकाणी ओठ शिवणारा सर्जन मिळू शकतो, स्पीच थेरपिस्ट मिळणं त्याहून अवघड.

'हे तर कॉस्मेटिक आहे'

वेळ घरात जातो तसा कागदांतही जातो. आरोग्य विम्याच्या भाषेत जन्मजात दोषाचे दोन प्रकार असतात. शरीराच्या दिसणाऱ्या भागातला तो बाह्य, न दिसणाऱ्या भागातला तो अंतर्गत. अनेक पॉलिसींमध्ये बाह्य दोष वगळलेले असतात. आता चेहऱ्याएवढं दिसणारं दुसरं काय आहे? म्हणजे हृदयाला छिद्र असेल तर क्लेम मंजूर व्हायची शक्यता, ओठ दुभंगलेला असेल तर 'पॉलिसीत बसत नाही'. ज्या दोषामुळे बाळाला पिता, ऐकता, बोलता येत नाही, तो केवळ चेहऱ्यावर आहे म्हणून दिसण्याचा प्रश्न ठरतो.

हा वाद फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेत जन्मजात दोषांच्या उपचारांचा खर्च विमा कंपन्यांनी द्यावा, असं विधेयक एप्रिल २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहानं मंजूर केलं, पण त्या खेपेला त्याचा कायदा झाला नाही.

आपल्याकडे सरकारी बाजू त्या मानानं बरी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या पालघरमधूनच झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि मोफत उपचार, असा हा कार्यक्रम. वैद्यकीय पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळांत वर्षातून एकदा यायचं, अशी त्याची रचना. त्याच्या यादीतल्या नऊ जन्मजात दोषांत दुभंगलेले ओठ-टाळू आहेत. कवटीच्या शिवणी लवकर जुळणं मात्र त्या नऊ नावांत नाही. यादीत नाव नसलं की शोधणाऱ्याची नजरही तिकडे जात नाही.

गंमत बघा, दुरुस्ती फार महाग नाही. आशाताई बाळंतपणानंतर पहिल्या ४२ दिवसांत घरी येतातच. शिवाय तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही त्यांनी घरी यावं अशी योजना २०१८ पासून आहे. वरचं वेळापत्रक पुन्हा पाहा. तिसरा-सहावा महिना ओठाचा, नववा ते पंधरावा टाळूचा, आणि कवटीचं निदान पहिल्या भेटींत. आशाताईंच्या भेटी आणि या शस्त्रक्रियांच्या तारखा जवळपास एकमेकांवर बसतात. त्यांच्या हातात एक मोजपट्टी, तोंडात बघायला एक टॉर्च आणि पुढं कुठं पाठवायचं त्याचा एक फोन नंबर असेल, तर महिने वाया जाणं बरंच थांबेल. टॉर्च यासाठी की ओठ चांगला असून फक्त टाळू दुभंगलेली असेल, तर तोंड उघडून पाहिल्याशिवाय ते कळतच नाही.

सोनोग्राफीत दिसलं तर?

आता अनेकदा १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीतच दुभंगलेला ओठ दिसतो. फक्त टाळूचा दोष मात्र बऱ्याचदा निसटतो. रिपोर्ट हातात पडला की घरात भीती पसरते. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या बदलानंतर, गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या मतानं २४ आठवड्यांनंतरही परवानगी मिळू शकते. निर्णय त्या बाईचा आहे. पण तो पूर्ण माहितीवर व्हावा. दोष फक्त ओठ-टाळूचा आहे की त्यासोबत हृदय, मेंदू यांचेही दोष आहेत, हे आधी तपासून घ्यायला हवं. फक्त ओठ-टाळूचाच असेल तर तो उपचारांनी सावरणारा दोष आहे, हे त्या जोडप्याला शांतपणे सांगणारं कुणीतरी समोर हवं. शक्य असेल तर असं मूल वाढवलेल्या आई-वडिलांशी गाठ घालून द्यावी. दहा मिनिटांच्या त्या गप्पांनी जेवढी भीती जाते तेवढी कुठल्याही पत्रकानं जात नाही.

तुमच्या ओळखीत असं बाळ जन्मलं तर

पहिल्या दिवशी: दूध कसं पाजायचं ते नर्सकडून शिकून घ्या. बाळ निळं पडत असेल किंवा श्वास घेताना धडपडत असेल तर थांबू नका, लगेच दवाखाना.

पहिल्या आठवड्यात: बालरोगतज्ज्ञांकडून हृदय आणि ऐकण्याची तपासणी करून घ्या. काही बाळांत सोबत इतर दोष असतात.

पहिल्या महिन्यात: आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा जिल्हा रुग्णालयात बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली नोंद करा. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात, त्यांना कोणत्या टप्प्याचा खर्च कुठून मिळेल ते विचारा. विमा असेल तर पॉलिसीतलं 'बाह्य जन्मजात दोष' हे कलम आधी वाचा.

त्यानंतर: एक वही करा. वजन, डोक्याचा घेर, पुढची तारीख. ओठाचं ऑपरेशन झालं म्हणून वही बंद करू नका.

मूल पाच, दहा, अगदी वीस वर्षांचं झालं असलं तरी जा. उशिरा केलेल्या उपचाराचा फायदा कमी असतो, शून्य नसतो.

आणि बाळाच्या आईला भेटायला जाल तेव्हा ग्रहणाचा विषय काढू नका. त्या घरात तो आधीच निघालेला असतो. त्यापेक्षा शस्त्रक्रियेची तारीख विचारा, आणि त्या दिवशी गाडी लागणार आहे का, तेही.